चढावर दम सोडणारी गाडी

“पोरी, तुझे सासरे हल्ली दुपारचे हाकेला ओ देत नाहीत. बघ जरा एकदा.”

समोरच्या शिंपीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा सून जिन्याच्या पायरीवर बसून छकुलीला भरवत होती. शिंपीणबाईंच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे बोलणं अर्धं दातांतून येत होतं. शिवाय त्यांना गल्लीतल्या प्रत्येक घरातलं काही ना काही खटकायचंच. मागच्या आठवड्यात छकुलीचा डावा पाय वाकडा पडतो असं त्या सहज बोलून गेल्या होत्या, आणि त्या एका वाक्यापायी सुनेनं तीन दिवस दीड वर्षाच्या पोरीच्या मागे मागे वाकून चालत तिचे पाय न्याहाळले होते. पाय सरळ होते. तेव्हा या खेपेला घाबरायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

“कामात असतात हो. इंजिनाला कान लावला की बाबांना जगाची शुद्ध नसते.”

“मीही तेच सांगतेय,” असं म्हणून शिंपीणबाई मशीनकडे वळल्या.

झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघणारी ही सून, आणि नेमकी हीच एक गोष्ट तिनं हसण्यावारी नेली.

बाबांचं गॅरेज घराच्या खालीच होतं. एक लांबट खोली, पुढे शटर, मागे जिन्याकडे उघडणारं दार. मागच्या भिंतीतल्या खिडकीवर जुन्या टायरांची आणि सायलेन्सरांची अशी चळत रचलेली, की तिथे खिडकी आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक. चाळीस वर्षं बाबा याच खोलीत मोटारसायकली दुरुस्त करत होते. पाटीवर गॅरेजचं नाव होतं, पण ते कुणी वाचलं नव्हतं. लोक म्हणायचे, ‘कानवाल्या मिस्त्रींकडे घेऊन जा.’ गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत हे हात पुसत उठायचे आणि गाडीवाला उतरायच्या आत सांगायचे, “चेन सैल आहे, आणि मागच्या वेळी तेल बदललं नाहीस.” लग्न होऊन आली तेव्हा सुनेला ही जादूच वाटली होती. ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. ती एकदा म्हणाली, “बाबा, हे शिकवायला पाहिजे कॉलेजात.” त्यावर ते म्हणाले, “कान द्यायला पाहिजेत कॉलेजात. पोरं पुस्तकं घेऊन येतात.”

नवरा कारखान्यात. सकाळी सातला बाहेर पडायचा तो संध्याकाळी सातला घरी. सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे दिवसभर घरात माणसं तीन: वर सून आणि छकुली, खाली बाबा.

नर्सबाईंची गाडी आली ती याच दिवसांत. नर्सबाई दवाखान्यातून टेकडीवरच्या वस्तीत लस द्यायला जायच्या. जुनी मोटारसायकल, पण काय ठेवली होती! टाकीच्या झाकणात तोंड बघून केस विंचरावेत.

“काका, तीन गॅरेजं झाली,” नर्सबाई हेल्मेट काढत म्हणाल्या. “निघताना वाघ असते. चढ लागला की दम सोडते. मग गिअर टाका, शिव्या घाला, काही करा, रांगतच राहते आणि बंद पडते. मागच्या वेळी अर्ध्या चढावर बंद पडली, आणि माझ्याकडे लशींची पेटी. बर्फ वितळायच्या आत पोचायचं असतं हो मला.”

हत्याराला हात लावायच्या आधी चार प्रश्न विचारायचे, ही बाबांची रीत. कधीपासून? किती वेळ चालवल्यावर? कुठे? आणि थांबलात की काय करता? शेवटचा प्रश्न दुसरं कुणी विचारत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. ‘रोगी बरा कशानं होतो ते कळलं, की आजारी कशानं पडतो ते कळतं.’

सून छकुलीला कडेवर घेऊन मागच्या दारात उभी होती.

“महिना झाला,” नर्सबाई म्हणाल्या. “वीसेक मिनिटं चालवली की. चढावर जास्त, पण सपाटीवरही जोरात घेतली तर करते. थांबले की पहिलं झाकण उघडून बघते, पेट्रोल संपलं की काय. अर्धी टाकी असते! मग झाकण लावते, किक मारते, आणि बाईसाहेब अशा सुटतात की जणू काही झालंच नाही.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. बाबा मान डोलावत होते. ट्रक गेल्यावर त्यांनी विचारलं, “आणि थांबलात की काय करता?”

नर्सबाई चमकल्या. “सांगितलं की आत्ता.”

“हो हो,” बाबा हसले आणि गाडीला स्टँडवर घेऊ लागले.

सुनेला ते जरा विचित्र वाटलं. पण तेवढ्यात छकुलीनं दाराशी ठेवलेला एक नट तोंडात घातला, आणि तो बाहेर काढण्याच्या नादात ते राहून गेलं.

दोन दिवस बाबांनी गाडीचं एकेक अंग तपासलं. ‘इंजिन बिचारं बऱ्याचदा निर्दोष असतं,’ म्हणून आधी चाकं फिरवून बघितली. ब्रेक धरून राहिला की गाडी ओढत नाही. ब्रेक मोकळे होते. क्लच घसरत नव्हता. हवेची जाळी साफ. प्लग काढला, तो हवा तसा बदामी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली, तर आतल्या दाबानं अंगठा मागे ढकलला गेला, म्हणजे दाबही ठीक. कार्ब्युरेटर उघडून त्यातली बारीक छिद्रं फुंकली. सायलेन्सर काढून त्यातली काजळी झटकली. मग झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघितलं, गल्लीला एक फेरी मारली. गाडी वाघ! नर्सबाईंना बोलावून दिली.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई गाडी ढकलत परत आल्या. मागून दोन माणसं हात लावत होती. शिंपीणबाई मशीन थांबवून बघत होत्या, पलीकडचा किराणावालाही बघत होता. कानवाल्या मिस्त्रींकडून गेलेली गाडी ढकलत परत आली, हे या गल्लीनं आजवर पाहिलं नव्हतं.

 त्या दिवसापासून दुपारी दोन वाजले, रस्ता जरा निवांत झाला, की बाबा शटर खाली ओढून घ्यायचे आणि नर्सबाईंची गाडी स्टँडवर तासतासभर चालू ठेवून बसायचे. शटर पाडायची सवय तशी सहा-सात महिन्यांची होती, पण आता त्याला ताळतंत्र राहिलं नाही. वर स्वयंपाकघराच्या फरशीला पायांखाली बारीक थरथर जाणवायची.

संध्याकाळी ते वर यायचे तेव्हा कपाळ दाबत यायचे. जेवण निम्मं. एकदा जिन्यातच खाली बसले. मग मात्र सून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. पंधरा मिनिटं चालत जायचं, तीन पायऱ्या चढायच्या, आणि दवाखान्यात शिरेपर्यंत बाबांच्या गालांवर रंग आलेला. रक्तदाब छान, नाडी छान. बाबांनी उलट डॉक्टरांच्याच स्कूटरचं दुखणं ऐकून घेतलं.

“वय झालं की एवढं-तेवढं चालायचंच,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच जरा झोप काढत चला. चेहरा बघा तुमचा!”

रात्री नवराही तेच म्हणाला. “तू ना, शिंकेवरून न्यूमोनिया काढतेस.”

सुनेनं वाद घातला नाही. तिला आपली काळजी करण्याची सवय ठाऊक होती, आणि त्या सवयीची आता तिला स्वतःलाच शिसारी आली होती. पण काळजी आणि पाळत यांत फरक असतो. नुसती काळजी करण्यापेक्षा तिनं बाबांचीच रीत उचलली.

कधीपासून? सहा महिने. किती वेळानं? दुपारचं काम झालं की. कुठे? तिनं मागचे दिवस आठवले. गुरुवारी गॅरेज बंद असतं. गुरुवारी बाबा पोटभर जेवतात, छकुलीला पाठीवर घेऊन घोडा-घोडा करतात, डोकं दुखतं असं एकदाही म्हणत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी परत कपाळ हातात.

चौथा प्रश्न तिनं जेवताना त्यांना विचारला. जरा मोठ्यानंच विचारला. “बाबा, डोकं दुखायला लागलं की काय करता तुम्ही?”

“काय करणार? शटर उघडतो, बाहेर कट्ट्यावर बसतो घटकाभर. बरं वाटतं.”

तिचा घास हातातच राहिला.

रंग नाही, वास नाही. परीक्षेत तिनं हे दोन ओळींत लिहिलं होतं आणि दोन गुण मिळवले होते. इंजिनाच्या धुरातल्या त्या वायूचं नाव, कार्बन मोनॉक्साइड, त्याचं सूत्र, रक्तातला प्राणवायू तो कसा बाजूला सारतो, सगळं पाठ. आणि तो वायू तिच्या घराखाली रोज दुपारी दोन तास तयार होत होता. मग वर छकुलीला? या विचारासरशी ती जिना उतरून मागच्या दाराशी धावली. दाराच्या खालच्या फटीत आतून गोणपाट ठासून बसवलेलं होतं. वरच्या फटीत चिंध्या.

“धूर वर येऊ नये म्हणून,” मागून बाबा म्हणाले. “छकुली झोपलेली असते ना दुपारची.”

 ती भडाभडा बोलत सुटली: धूर, वायू, रक्त, गुरुवार, शटर. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं, किंवा ऐकल्यासारखं केलं.

“चाळीस वर्षं या धुरात आहे मी. मला शिकवतेस?”

“चाळीस वर्षं शटर उघडं होतं, बाबा. आता का पाडता?”

“रस्त्याचा आवाज फार वाढलाय.”

“रस्ता तर तोच आहे.”

बाबा हात धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं छकुलीला झोपवलं आणि खिडकीशी बसली. अडीच वाजले. फरशी थरथरत होती. तिनं वरूनच हाक मारली. ओ नाही. जिन्यातून दार वाजवलं. ओ नाही. इंजिन एकसुरी चाललेलं. ती बाहेरून धावत पुढे गेली, शटरखाली बोटं घालून ओढू लागली. ते जड शटर तिच्या हातानं गुडघ्याएवढं उचललं गेलं, आणि पुढचं उचललं ते शिंपीणबाईंनी. त्या कधी रस्ता ओलांडून आल्या ते कळलंच नाही.

बाबा गाडीच्या टाकीवर डोकं टेकून बसले होते. ऐकत असल्यासारखे. चेहरा तजेलदार, लालसर, आणि डोळे मिटलेले.

सुनेनं श्वास रोखून आधी गाडीची चावी फिरवली. दोघींनी मिळून काखेत हात घालून त्यांना कट्ट्यावर आणलं. शिंपीणबाई त्यांचा चेहरा पुसत होत्या. “मी सांगितलं होतं” हे तीन शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारले नाहीत, नंतरही कधी नाही. पाचेक मिनिटांनी बाबांनी डोळे उघडले.

“गाडी कोणी बंद केली?”

दवाखान्याचं नाव काढताच ते उठून उभे राहिले, भिंतीला धरून. “परवा तर बघितलं ना डॉक्टरनं? ठणठणीत म्हणाला.” तिनं रिक्षा थांबवली, तर ते रिक्षावाल्याशीच त्याच्या इंजिनाबद्दल बोलायला लागले. तासाभरात ते खरंच ठणठणीत झाले. संध्याकाळी नवराही त्यांना बोलला. त्यालाही “हो हो” म्हणाले. तो “हो हो” आता सुनेच्या ओळखीचा झाला होता. तो कबुलीचा नव्हता. समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून होता.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना ती छकुलीला घेऊन खाली गेली. शटर ओढायचा आकडा बाबांच्या हातातच होता. तिनं आतलं स्टूल ओढलं, गाडीच्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर ठेवलं, आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली.

“वर जा, सूनबाई. गाडी चालू करायचीय.”

“करा की.”

“धूर होईल.”

“होऊ दे.”

“अगं, पोरगी आहे मांडीवर!”

“आहे. चाळीस वर्षांत तुम्हाला काही झालं नाही, तर आम्हाला दोन तासांत काय होणार? पाडा शटर. ती पण ऐकू दे आजोबांचं इंजिन.”

छकुलीनं ‘आजोबा’ ऐकून टाळी वाजवली.  शटर कंबरेपर्यंत खाली आलं की पोरीला घेऊन बाहेर पळायचं, हे सुनेनं वर असतानाच ठरवलं होतं. पण चेहऱ्यावर तिनं ते दिसू दिलं नाही. बाबांनी आकडा शटरला लावला. शटर वीतभर खाली आलं. मग आणखी वीतभर. ती हलली नाही.

आकडा खाली पडला. बाबा हत्यारांच्या पेटीवर बसले, पाठ तिच्याकडे करून.

“रस्त्याचा आवाज नाही गं वाढला,” ते म्हणाले. “माझा कमी झालाय.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“उजवा तर पार गेला. डावा आहे थोडा. शटर पाडलं, टाकीला डोकं टेकवलं, की आतलं थोडं कळतं. लोक समोर उभं राहून बोलतात, मी मान हलवतो. आता कानवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण येणार इथं? आणि आलं तरी कशाला यावं?”

तिच्या ओठांवर समजुतीचे दहा शब्द आले. तिनं ते गिळले. त्याऐवजी स्टूल उचललं, त्यांच्या डाव्या बाजूला नेलं, आणि कानाशी जाऊन विचारलं, “नर्सबाईंनी तुमच्या चौथ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते ऐकलं होतं तुम्ही?”

बाबांनी मान हलवली. या वेळी खरोखरची. नाही.

“गाडी थांबली की त्या आधी झाकण उघडून पेट्रोल बघतात. मग लावतात. मग किक मारली की गाडी पळते.”

“काय उघडतात?”

“टाकीचं झाकण!”

 बाबा उठले, ते तीस वर्षांनी लहान होऊन उठले. झाकण काढलं, उलटं केलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर यायला आले, पण हवा पलीकडे गेली नाही.

“पॉलिश!” ते ओरडले. “बाईनं पॉलिश करून करून भोक बुजवलंय! अगं, टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं, तर त्याच्या जागी वरून हवा नको यायला? झाकणाला सुईएवढं भोक असतं त्यासाठी. ते बंद झालं की पेट्रोल आत अडकून बसतं. पंधरा-वीस मिनिटं चालते, मग इंजिन उपाशी. आणि बघायला म्हणून झाकण उघडलं की हवा शिरते, गाडी बरी. जो तपासेल तो आधी झाकणच उघडणार. मीही रोज उघडत होतो. तपासायला गेलं की बरी, एकटी सोडली की…”

ते मध्येच थांबले. दोन वीत खाली आलेल्या शटरकडे त्यांनी बघितलं. बाहेरचं ऊन त्यांच्या पावलांपर्यंत आलं होतं.   बाबांनी शटरला हात लावला आणि ते वरपर्यंत ढकलून दिलं. मग खिडकीपाशी जाऊन टायरांची चळत उतरवायला लागले.

त्याच दिवशी ते तिच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात गेले. या वेळी बोलली ती सूनच: कुठे, कधी, किती वेळानं, आणि बाहेर आल्यावर काय होतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आणखी अर्धा तास आत राहिले असते, तर हे सांगायला तुम्ही एकट्याच आला असतात.”

नर्सबाई आल्या तेव्हा भोक मोकळं झालेलं होतं, शिंपीणबाईंच्या सगळ्यात बारीक सुईनं. बाबा कट्ट्यावर उभे होते.

“ताई, इकडे डाव्या बाजूला या, आणि जरा मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं.”

गल्लीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. किराणावाल्यानं मान वर केली.

“म्हणजे?” नर्सबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. “इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते का काका? आधी नाही का सांगायचं? दवाखान्यात दिवसभर ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांशीच बोलते मी, माझा घसा काय आजचा आहे?”

बाबा खळखळून हसले. मग त्यांनी गाडी चालू केली, इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. डोळे उघडून म्हणाले, “उजवीकडचा एक बोल्ट सैल आहे,” आणि पाना घेऊन तो आवळला.

नर्सबाई लशींची पेटी बांधून टेकडीकडे गेल्या. आता गॅरेजची खिडकीही उघडी असते आणि शटरही.

तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्याही माहितीत असं कुणीतरी असेल. दिवसभर एकटं, दार लावून, आपल्या कामात बुडालेलं; डॉक्टरांसमोर नेलं की ठणठणीत, आणि काहीही विचारलं की “हो हो” म्हणणारं. त्यांना फोनवर कसं आहात म्हणून विचारू नका. बरं आहे, असंच म्हणतील. ते जिथे बसतात तिथे, ज्या वेळी बसतात त्या वेळी, स्वतः जा. जवळ स्टूल ओढून बसा. आणि जमलं तर आजच जा.